लेन्सची हीटर पट्टी: वाईच्या धुक्यात एक अख्खा हिवाळा

ही पट्टी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेतली, साडेनऊशे रुपयांना. आता फेब्रुवारी संपत आलाय. या दिवसांत 27 वेळा ती लेन्सला बांधून पहाटे बाहेर पडलो, म्हणून आता तिच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल असं वाटतं.

वस्तू साधी आहे. दोन बोटं रुंदीची कापडी पट्टी, आत तापणारी तार, टोकाला वेल्क्रो, वायरीवर उष्णता कमी-जास्त करायचं तीन पायऱ्यांचं बटण (पहिली सगळ्यात मंद) आणि शेवटी यूएसबी. पॉवर बँकेवर चालते. लेन्सच्या काचेवर दव बसू नये म्हणून रात्रभर आकाशाचे फोटो काढणारे लोक ही वापरतात. धुक्याच्या फोटोग्राफीत तिचं नाव फारसं निघत नाही. माझ्या मते निघायला हवं.

का, ते सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत वाईजवळ मेणवलीला नदीच्या घाटावर होतो. कृष्णेवर धुकं असं बसलं होतं की मेणेश्वराचं देऊळ आणि ती वसईहून आलेली मोठी घंटा टांगलेली घुमटी, दोन्ही नुसत्या सावल्यांसारख्या दिसत होत्या. सूर्य वर आला, धुकं हलायला लागलं आणि मी वीस मिनिटं न थांबता फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर प्रत्येक फोटोच्या मधोमध एक दुधी डाग. काचेवर दव बसलं होतं. ते तिथं का कळलं नाही? कारण समोरही धुकंच होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये काचेवरचा पांढुरका पडदा आणि नदीवरचा पांढुरका पडदा सारखेच दिसतात. या कामातली सगळ्यात मोठी फसगत हीच आहे. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी बारीक टॉर्च तिरका धरून काच बघायची सवय लावून घेतली. पट्टी असो वा नसो, ही सवय प्रत्येकानं लावावी.

कापडानं पुसणं हा उपाय नाही. पुसलं की ओलसर रेघा उरतात, सूर्य समोर आला की त्या चमकतात, आणि तीन मिनिटांत दव पुन्हा येतं. काच थंडच असेल तर दुसरं काय होणार? निरभ्र रात्री काच आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. सूर्य उगवल्यावर तर अजून वाईट. दवानं भिजलेली जमीन तापायला लागते, हवेत ओल वाढते, आणि कॅमेरा मात्र रात्रीचाच गारठा धरून असतो. म्हणजे ज्या पंधरा-वीस मिनिटांसाठी चार वाजता उठलो, नेमकी तीच हातची जातात. पट्टी काचेला भोवतीच्या हवेपेक्षा थोडीशीच गरम ठेवते. तेवढं पुरतं.

तिचा खरा कस वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात लागला. मी बहुतेक वेळा आधी मेणवली करतो आणि मग मोटरसायकलनं घाटात चढतो, कारण तिथून वाईचं अख्खं खोरं धुक्यानं भरलेलं खाली दिसतं आणि पांडवगडाचा माथा तेवढा वर तरंगत असतो. रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात उतरते, त्यामुळे खाली जास्त थंडी आणि वर उबदार असा उलटा प्रकार असतो. जानेवारीत एका सकाळी माझ्या थर्मामीटरवर नदीकाठी 9 अंश होते आणि घाटातल्या वळणावर 14. गारठलेला कॅमेरा त्या उबदार हवेत बाहेर काढला की काच क्षणात आंधळी व्हायची. आता घाट चढताना पट्टी पहिल्या पायरीवर चालूच ठेवतो. बॅगेची चेन थोडी उघडी ठेवतो आणि वर पोचेपर्यंत मध्ये एकदा थांबून हात लावून बघतो. बंद बॅगेत वरच्या पायरीवर कधीही ठेवू नये.

बांधायची जागा महत्त्वाची. पट्टी पुढच्या काचेच्या जितकी जवळ तितकी चांगली, पण फोकस रिंगवर नको. सुरुवातीला मी ती रिंगवरच गुंडाळली होती. वेल्क्रो घट्ट करताना फोकस हलला आणि एक सकाळ वाया गेली. आता आधी पट्टी, मग हूड (लेन्सच्या तोंडावरची आडोशाची कड), आणि सगळ्यात शेवटी फोकस. धुक्यात ऑटोफोकस पुढं-मागं धडपडत राहतो, म्हणून एखाद्या झाडाच्या बुंध्यावर हातानं फोकस धरतो. लेन्स तापत जाते तसा तो किंचित सरकतो, त्यामुळे वीस मिनिटांनी पुन्हा तपासणं आलंच.

तिसरी पायरी मी वापरणं सोडून दिलं. 300 एमएमच्या झूमवर दूरचा गड टिपताना कडा मऊ येत होत्या. पहिल्यांदा ट्रायपॉडवर संशय घेतला, पण पायरी उतरवली तशा कडा सुधारल्या. काचेपुढची हवाच तापून थरथरत असणार. आपल्याकडच्या थंडीला पहिली पायरी पुरते, फार तर दुसरी. पहिल्या पायरीवर 10,000 एमएएचची पॉवर बँक पहाटे पाच ते साडेनऊ चालून निम्म्याहून जास्त शिल्लक राहते. मी ती जुन्या पायमोज्यात घालून ट्रायपॉडला टांगतो.

मेणवलीला एकदा आंघोळीला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय ओ पाव्हणं, कॅमेऱ्याला पट्टी का बांधलीया?" मी म्हटलं, "काचेवर दव बसू नये म्हणून, आजोबा." ते म्हणाले, "मग रातीला चांदण्या खडखडीत दिसल्या की येत जावा. वारं नसलं तर धुई हमखास." तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर जाऊन आकाश बघतो. ढग असले की जमीन रात्री पुरती गार होत नाही. आजोबांचं निरीक्षण हवामानाच्या ॲपपेक्षा जास्त वेळा खरं ठरलं.

जे जमत नाही तेही सांगायला हवं. वाऱ्यानं धुक्याचे थेंब थेट काचेवर येऊन आदळतात, तेव्हा पट्टीला ते लगेच सुकवता येत नाहीत. तिथं हूड आणि कापडच. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा, तेही आपणच सांभाळायचं. कॅमेरा पांढरं धुकं करडं करून टाकतो, म्हणून मी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवूनच सुरुवात करतो आणि कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) बघत राहतो. बटणावरचा निळा दिवा अंधारात डोळ्यांत खुपतो, त्यावर काळी टेप लावली. जानेवारीच्या शेवटी पट्टीतून वायर निघते त्या जोडावर ती सैल झाली. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तीस रुपयांत डाग देऊन जोडून दिली, ती अजून टिकून आहे. ही वायर कॅमेरा उचलताना ओढली जाते, म्हणून नवी घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ती लेन्सला एका रबरानं अडकवून ठेवावी.

गेल्या रविवारी आठच्या आत धुकं विरून गेलं आणि पट्टी चालू करावीच लागली नाही. आता ती न मुडपता सैल गुंडाळून सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे, लेन्सशेजारीच.