यीस्ट कशावर वाढले? ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांसाठी ब्रूअर्स यीस्ट आणि त्याचे पर्याय

सिलिॲक आजाराचे, म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराचे, निदान झाल्यावर घरातून कणीक, रवा, मैदा, शेवया बाहेर जातात आणि ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांवर स्वयंपाक उभा राहतो. अडचण येते ती ब-जीवनसत्त्वांसाठी आणलेल्या यीस्टच्या डब्यापाशी. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, धान्य नव्हे, तेव्हा तिच्यात ग्लूटेन असण्याचे कारणच नाही, असे सांगितले जाते. हे म्हणणे खरे आहे, पण ब्रूअर्स यीस्टच्या बाबतीत ते अपुरे पडते. दारूभट्टीतले ब्रूअर्स यीस्ट, पावासाठीचे बेकर्स यीस्ट आणि आहारात वरून भुरभुरण्याचे न्यूट्रिशनल यीस्ट ही तिन्ही सर्वसाधारणपणे सॅकॅरोमायसेस सेरेव्हिसी या एकाच जातीची असतात, म्हणून निवड करताना जातीपेक्षा ते यीस्ट कशावर वाढले हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

बिअरसाठी जव भिजवून त्याला मोड आणतात आणि वाळवून त्याचे माल्ट करतात. हे माल्ट भरडून गरम पाण्यात त्यातली साखर उतरवतात, हॉप्स ही कडवट चवीची फुले घालून तो द्रव उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडतात. साखरेचे अल्कोहोल झाले की यीस्ट टाकीत साक्यासारखे साचते. त्या साक्यात केवळ यीस्टच्या पेशी नसतात. जवाची प्रथिने आणि हॉप्सचा कडवट अंशही त्यात उतरलेला असतो. हाच साका वाळवून त्याची पूड किंवा गोळ्या केल्या की पारंपरिक अर्थाने ब्रूअर्स यीस्ट तयार होते. जवातील हॉर्डीन हे प्रथिन सिलिॲक रुग्णाला गव्हातील ग्लायडिनसारखेच बाधते. काही उत्पादनांवर ‘कडवटपणा काढलेले’ असे लिहिलेले असते, पण ती धुण्याची प्रक्रिया चवीसाठी असते आणि तिने जवाची प्रथिने पूर्णपणे निघून जातात असे मानता येत नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालावर भिस्त ठेवावी, तर तिथेही एक खरी मर्यादा आहे. ग्लूटेन मोजण्याच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चाचणीत प्रथिनाच्या तुकड्याला दोन ठिकाणी पकडावे लागते, आणि आंबवण्याच्या प्रक्रियेत प्रथिने इतकी बारीक तुटलेली असू शकतात की दुसरी पकड मिळत नाही आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली आंबवलेल्या पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केला तो याच कारणाने: अशा पदार्थावर ‘ग्लूटेन-मुक्त’ लिहायचे असेल, तर आंबवण्यापूर्वीचा कच्चा माल ग्लूटेन-मुक्त होता याच्या नोंदी उत्पादकाने ठेवल्या पाहिजेत. मला हा दृष्टिकोन योग्य वाटतो, कारण तो शेवटच्या आकड्याऐवजी मुळाशी जातो.

ब्रूअर्स यीस्ट याच नावाखाली मळीवर वाढवलेले यीस्टही विकले जाते, विशेषतः शुगरबीटच्या मळीवर वाढवलेले. त्याचा बिअरशी संबंध नसतो आणि सिलिॲक रुग्णाला ते चालू शकते, मात्र वेष्टनावर वाढीचे माध्यम आणि ग्लूटेन-मुक्त असल्याचा उल्लेख अशा दोन्ही गोष्टी असाव्यात. नुसते ‘ब्रूअर्स यीस्ट’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते जवावरचे आहे असेच धरावे.

याच्या शेजारी न्यूट्रिशनल यीस्ट ठेवून पाहिले, तर फरक लगेच लक्षात येतो. ते मुद्दाम खाण्यासाठीच, बहुधा उसाच्या किंवा बीटच्या मळीवर वाढवतात, नंतर उष्णता देऊन निष्क्रिय करतात आणि त्याचे पातळ पापुद्रे किंवा पूड करतात. चव कडू नसते; चीजकडे झुकणारी, खमंग असते. प्रथिनांच्या बाबतीत दोन्ही तुल्यबळ आहेत, कारण कोरड्या यीस्टच्या वजनात साधारण ४० ते ५० टक्के प्रथिने असतात. ब-१२ जीवनसत्त्व मात्र यीस्ट स्वतः तयार करत नाही. ते पुरवणी म्हणून घातलेले असेल तरच मिळते, त्यामुळे शाकाहारी व्यक्तीने ‘फोर्टिफाइड’ हा शब्द वेष्टनावर शोधावा. क्रोमियमसाठी ब्रूअर्स यीस्टचे नाव घेतले जाते, परंतु तेवढ्यासाठी सिलिॲक रुग्णाने जवाचा धोका पत्करावा असे मला वाटत नाही.

बेकर्स यीस्टही मळीवर वाढते आणि ग्लूटेन-मुक्त पिठाचा पाव घरी करायचा असेल तर ते योग्य आहे. काही सुक्या यीस्टमध्ये गव्हाचा स्टार्च मिसळलेला असतो, तेवढे तपासावे. ते जिवंत असते, म्हणून कच्चे खाऊ नये.

यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे यीस्टच्या पेशींतून काढलेल्या अर्काचा, विचार वेगळ्याने करावा लागतो, कारण यीस्टच्या पौष्टिकतेच्या कीर्तीत त्याचा मोठा वाटा आहे आणि त्या कीर्तीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिकेने १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि मार्माइट या यीस्ट एक्स्ट्रॅक्टने तो बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट हे ब-जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. ते काम मोठे आहे, पण सिलिॲक रुग्णासाठी मार्माइट योग्य नाही. ते बिअरच्या उरलेल्या यीस्टपासून बनते आणि ब्रिटनमधल्या त्याच्या बाटलीवर जव, गहू, ओट्स, राय असे चौघांचेही उल्लेख आहेत. सूप, चिप्स, मसाला पाकिटे यांच्या घटकांत ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ दिसले, तर ते कोणत्या यीस्टचे आहे हे विचारणे भाग आहे.

वेष्टन वाचताना देश बदलला की नियमही बदलतात. भारतात ग्लूटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख अॅलर्जीच्या सूचनेत करावा लागतो आणि त्यात जवही येतो. ब्रिटन व युरोपीय संघातही तसेच आहे. अमेरिकेत मात्र अॅलर्जीच्या सक्तीच्या यादीत गहू आहे, जव नाही. त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी ‘गहू नाही’ या ओळीवर समाधान मानू नये आणि ‘ग्लूटेन-मुक्त’ हे स्पष्ट शब्दच पाहावेत. त्या शब्दांचा अर्थ भारतात आणि अमेरिकेत सारखाच आहे: किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नाही. त्या मर्यादेतले १५ ग्रॅम यीस्ट रोज खाल्ले तरी पोटात जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम ग्लूटेन जाते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने घेतल्याने आतड्याच्या आवरणाला इजा झाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन अभ्यासात दिसले होते, आणि ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीच्या नखाएवढ्या तुकड्यातले ग्लूटेन.

तेव्हा सिलिॲकचे निदान झालेल्या व्यक्तीने जवावरचे ब्रूअर्स यीस्ट पूर्णपणे टाळून ग्लूटेन-मुक्त असा उल्लेख असलेले न्यूट्रिशनल यीस्ट घ्यावे, असे मी स्पष्टपणे सुचवतो; त्रास जाणवत नाही म्हणून इजा होत नाही असे या आजारात म्हणता येत नाही. केवळ गव्हाची अॅलर्जी असलेल्यांचा प्रश्न निराळा आहे, त्यांना जव चालतो की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ब्रूअर्स यीस्टच्या गोळ्या सुचवल्या जातात, तिथे तिला सिलिॲक आहे का हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. नैराश्यासाठी एमएओ इनहिबिटर गटातली औषधे चालू असणाऱ्यांनी तर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ग्लूटेन-मुक्त असले तरी टाळावे, कारण त्यातील टायरामिनमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

आणि ज्यांचे निदान अद्याप झालेले नाही, नुसती शंका आहे, त्यांनी यीस्ट किंवा पोळी बंद करण्याआधी सिलिॲक ओळखण्यासाठीची टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. ग्लूटेन आधीच थांबवले, तर ही तपासणी आजार असूनही निर्दोष येऊ शकते.