इंदूर: पापणी पडलेल्या रुग्णांसाठी न्यूरो सेवा कशी आहे?

या खासगी रुग्णालयाची (नाव मुद्दाम देत नाही) जमेची बाजू म्हणजे कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करण्याची खोली) आणि क्लिपिंग (धमनीच्या फुग्याला चिमटा लावणं) करणारे सर्जन एकाच ठिकाणी. पापणी अचानक पडली, डोळा खाली-बाहेर वळला आणि बाहुली मोठी झाली, की मेंदूतल्या धमनीचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) डोळा-पापणी हलवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाबतोय असं धरून त्याच दिवशी सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा स्कॅन) करतात. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). शंका उरली तर डीएसए (नळी घालून धमन्यांचा एक्स-रे).

घोळ आहे तो नेत्र ओपीडीत. डॉक्टरांनी बघण्याआधीच बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग पुढचे काही तास बाहुली तपासून काहीच कळत नाही. मधुमेहामुळे नस अधू झाली असेल तर बाहुली बहुधा शाबूत राहते. फरक नेमका तिथेच कळतो! काउंटरवरच ठणकावून सांगा, थेंब नकोत.

कॉइलिंग (नळीतून फुग्यात बारीक तारेची गुंडाळी भरणं) की क्लिपिंग, हे वय आणि फुग्याची मान (धमनीला जोडलेलं तोंड) बघून ठरवतात, नीट समजावतात. क्लिपिंगनंतर डोळा पूर्ववत होण्याची शक्यता सहसा जास्त, पण कवटी उघडावी लागते. स्टेंट (धमनीतली जाळीदार नळी) बसला तर अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या) आपल्या मनाने बंद करू नका. पापणी सहसा आधी उचलली जाते, बाहुली रेंगाळते, महिने जातात. कॉइलचे पैसे नगावर लागतात, अंदाज लेखी घ्या.