ठासणीच्या बंदुकीची गोळी: हरणाला कोणती, रानडुकराला कोणती?

गोळी निवडताना बहुतेक जण जनावरापासून सुरुवात करतात. खरं तर आधी नळीचा पीळ बघायला हवा. नळीवर १:६६ असेल तर आतल्या खाचा ६६ इंचांत एक फेरा पूर्ण करतात. हा संथ पीळ गोल गोळीचा. १:२८ हा घट्ट पीळ लांबट गोळ्यांचा. १:४८ दोन्ही चालवून घेतो, पण तुमच्या नळीला नेमकं काय मानवतं ते निशाणावर मारूनच कळतं. पुढचं सगळं .५० कॅलिबर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या व्यासाची नळी धरून.

चिंधीत गुंडाळून ठासायची गोल गोळी मऊ शिशाची, साधारण १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची. स्वस्त, घरी साच्यात ओतता येते, धक्काही कमी. ५०-६० यार्डांवर आडव्या उभ्या हरणाच्या बरगड्यांत ती बसली की काम होतं; तिला नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही. मात्र गोल आकार हवेत फार लवकर मंदावतो. १०० यार्डांपर्यंत निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते.

रानडुकराचं गणित वेगळं. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो. शिकारी त्याला ढालच म्हणतात. हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे, म्हणजे त्या ढालीआड. शिवाय चरबी आणि केस जखम बुजवतात, त्यामुळे रक्ताचा माग पटकन तुटतो. गोळी आरपार जायलाच हवी. मोठ्या नरावर .५० च्या गोल गोळीचा भरवसा मी धरणार नाही.

तिथे कॉनिकल, म्हणजे निमुळत्या टोकाची लांबट गोळी. नळीच्या पूर्ण मापाची, अखंड शिशाची, ३५० ते ४०० ग्रेन. वेग कमी, पण वजनाच्या जोरावर खोल जाते. खांदा चांगलाच शेकून निघतो, आणि १०० यार्डांपुढे गोळी झपाट्याने खाली येते. एक जोखीमही आहे: ती सैल बसत असेल तर तोंड खाली करून चालताना दारूवरून पुढे सरकते. मधे पोकळी राहून बार उडाला तर नळी फुगते, फुटूही शकते. म्हणून गोळी पूर्ण बसल्यावर ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी रेघ मारून ठेवा. जागेवर पोचलात की कॅप (बार पेटवणारी छोटी टोपी) काढून, नळीच्या तोंडासमोर न येता गज हळूच आत सोडा. रेघ तोंडाच्या वर दिसली तर गोळी हललीय.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकच्या पेल्यातली .४५ ची गोळी, बहुधा २५० ते ३०० ग्रेन. मार्ग सपाट, १५० यार्डांचा विचार करता येतो. पातळ आवरणाच्या पोकळ टोकाच्या गोळ्या हरणाला उत्तम, पण डुकराच्या खांद्यावर फुटून विखुरण्याची भीती. तिथे संपूर्ण तांब्याची घ्या, ती अखंड राहते. दोन बारांच्या मधे नळी पुसली नाही तर पुढची सॅबो ठासताना घाम निघतो.

१:२८ ची नळी आणि दोन्ही जनावरं असतील तर माझं मत तांब्याच्या सॅबोला, १:४८ असेल तर कॉनिकलला. फक्त परवाना अमेरिकेतल्या कुठल्या राज्याचा आहे ते आधी बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, म्हणजे तांबंच. उलट कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात सॅबोला बंदी आहे. तिकडे १:२८ वाल्यानेही कॉनिकलच पिशवीत टाकावी.