लिनक्सवर असेंब्लीची सुरुवात : चार दिवस नॅसमबरोबर

मी असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट एकेक सूचना द्यायची भाषा, शिकलो ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर. डिप्लोमाच्या लॅबमध्ये 'ए' रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) आकडा भरणाऱ्या 'एमव्हीआय ए' सूचनेचा कोड ३ई, मग आकडा, असं एकेक बाइट हेक्स कीपॅडवर दाबायचं. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

यंदा दिवाळीत भाची पुण्याहून आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तिला मायक्रोप्रोसेसर लॅब आहे, उबुंटू लिनक्सवर नॅसम असेंबलर, म्हणजे असेंब्लीच्या ओळींचे प्रोसेसरला कळणारे बाइट करणारा प्रोग्रॅम. चार दिवस दोघं त्याच्यावर बसलो. फुकट आहे, मिनिटात इन्स्टॉल होतो.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं सरळपण. लेबल (मेमरीतल्या जागेला दिलेलं नाव) नुसतं लिहिलं की पत्ता, चौकोनी कंसात लिहिलं की त्या पत्त्यावरची किंमत. संपलं. लिनक्सवरच्या जीएनयू असेंबलरच्या नेहमीच्या पद्धतीत सोर्स आधी, डेस्टिनेशन नंतर, रजिस्टरपुढे टक्क्याची खूण, आकड्यापुढे डॉलर. इंटेलचं मॅन्युअल शेजारी उघडून शिकणाऱ्या पोराला ते उलटं पडतं. नॅसम मॅन्युअलसारखाच लिहितो.

दुसऱ्या दिवशी अडलो. "मामा, एरर पण नाही आणि आउटपुट पण नाही!" तिच्याकडे जुन्या जर्नलची झेरॉक्स होती, त्यातला इंट ८०एच (लिनक्सला काम सांगायची जुनी, ३२ बिटची सूचना) तिने तसाच ठेवला आणि कामाचा नंबर जातो त्या आरएएक्स रजिस्टरमध्ये नव्या तक्त्यातला १ घातला. ६४ बिटच्या नव्या 'सिसकॉल' सूचनेच्या तक्त्यात १ म्हणजे राइट (लिहिणं), एक्झिट (बाहेर पडणं) ६०. इंट ८०एचच्या ३२ बिट तक्त्यात मात्र १ म्हणजेच एक्झिट, राइट ४. प्रोग्रॅमने सांगितलेलं इमानदारीने केलं, पहिल्याच ओळीला बाहेर पडला. नॅसम इथे सावध करत नाही, कारण दोन्ही सूचना त्याच्या लेखी बरोबरच आहेत. प्रोग्रॅम लिनक्सकडे काय काय मागतो ते दाखवणारा एसट्रेस लावल्यावर उलगडलं. नव्याने शिकणाऱ्याने जुनी-नवी उदाहरणं अजिबात मिसळू नयेत. आणि लक्षात असू द्या, सिसकॉल आरसीएक्स आणि आर११ या रजिस्टरांची किंमत पुसतो. तिथे मोजणी ठेवली तर लूप भरकटतो.

मग नॅसमला 'वजा एल' हा पर्याय देऊन तिला लिस्टिंग फाइल (प्रत्येक ओळीसमोर तिचे बाइट) काढून दाखवली. 'मूव्ह आरएएक्स, ६०' या ओळीसमोर बी८ ३सी ०० ०० ००. साठ म्हणजे ३सी, तिने बोट ठेवून ओळखलं. नॅसमने आरएएक्सऐवजी ईएएक्सची (त्याच रजिस्टरच्या खालच्या ३२ बिटची) पाच बाइटची सूचना वापरली होती, कारण वरचे ३२ बिट आपोआप शून्य होतात. किटवर असे बाइट मी हाताने भरायचो, इथे ते तिच्या ओळीशेजारी छापून येतात. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

उणीव एकच, पण मोठी. नॅसम फक्त एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी आहे. रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) किंवा एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर जीएनयू असेंबलरच घ्या. बाकीच्यांनी नॅसमबरोबर जीडीबी हा चुका शोधायचा डीबगरही टाका. त्यात 'लेआउट रेग्ज' लावा, 'स्टार्टआय' म्हणा आणि 'स्टेपआय'ने एकेक सूचना पुढे सरकवत रजिस्टर बदलताना बघा.