दुव्यांच्या शब्दांची दुरुस्ती: सांगलीतील एका वेबसेवेचा अनुभव

आमच्या हळद व बेदाणा विक्रीच्या संकेतस्थळाचे एसईओचे, म्हणजे गूगलसारख्या शोधात ते वर यावे यासाठीचे, काम सांगलीतील एका वेबसेवा पुरवठादाराकडून करून घेतले, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. पूर्वी आमच्या बहुतेक दुव्यांवर (लिंकवर) ‘इथे क्लिक करा’ किंवा ‘अधिक वाचा’ एवढेच लिहिलेले असे. दुव्याच्या शब्दांवरून पुढील पान कशाविषयी आहे हे गूगल ताडते, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणारा दृष्टिहीन ग्राहक अनेकदा दुव्यांची नुसती यादीच ऐकत पुढे जातो, त्यामुळे ते शब्द दोघांनाही सारखेच निरुपयोगी होते. त्यांच्या जागी ‘राजापुरी हळदीचे घाऊक दर’, ‘बेदाण्याची प्रतवारी’ असे नेमके शब्द आले, ही या सेवेची खरी जमेची बाजू होय.

तक्रार मात्र गंभीर आहे. पानाच्या तळाशी असणाऱ्या पट्टीतील (तळपट्टीतील) अनेक दुव्यांना, तसेच इतर संकेतस्थळांवरून पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यांनाही, सरसकट ‘सांगली हळद’ हेच शब्द चिकटवण्यात आले होते. शोधात वर येण्यासाठी दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि गूगलने २०१२ मध्ये आपल्या शोधप्रणालीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाचा रोख अशाच बनावट दुव्यांवर होता. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन असले, तरी तिच्या नावाचा नुसता जप केल्याने शोधातील क्रमांक वर जात नाही! हरकत घेतल्यावर तळपट्टी सुधारली. विकतचे दुवे काढून घेण्यासाठी मात्र तीनदा कार्यालयात जावे लागले. दर वाजवी आहेत, परंतु काम सोपवण्यापूर्वी बाहेरचे दुवे कोठून आणणार, हे लेखी घ्यावे.