गावदफ्तर, जमिनीचे दस्त की डीएनए? वसाहतकालीन अमेरिकन घराण्याचा माग काढताना

अमेरिकेच्या १७९० सालच्या पहिल्या जनगणनेत एका घराला एकच ओळ आहे. कर्त्याचं नाव आणि पुढे नुसते आकडे: सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष इतके, सोळाच्या आतले इतके, गोऱ्या बायका इतक्या, इतर स्वतंत्र माणसं इतकी, गुलाम इतके. बायकोचं नाव नाही, पोरांची नावं नाहीत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० उजाडावं लागलं आणि कर्त्याशी त्याचं नातं काय, हे १८८०पासून लिहू लागले. सुनेची, जावयाची किंवा तिकडे जन्मलेल्या नातवंडांच्या आजोळची वंशावळ ज्यांना अमेरिकेच्या स्वातंत्र्याआधीच्या काळात न्यायची आहे, त्यांची गाडी साधारण इथेच अडते.

पुढे जायला वाटा चार: गावातल्या आणि चर्चमधल्या नोंदी, जमीन-कर-वारशाचे कागद, कुणीतरी आधीच तयार केलेली वंशावळ आणि डीएनए. बरेच जण डीएनएपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं वाटतं. माझ्या मते तो बहुतेकांसाठी शेवटचा टप्पा आहे. आधी बघायचं ते घराणं कुठल्या वसाहतीतलं. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनिया यांतला फरक कळला की निम्मा निर्णय झाला.

मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ सालीच जन्म-लग्न-मृत्यू नोंदवण्याचा आदेश निघाला. तिथे वस्ती केलेल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांच्या लेखी लग्न हा दिवाणी करार. तो पाद्रीऐवजी मॅजिस्ट्रेटसमोर व्हायचा आणि नोंद गावाच्या कारकुनाकडे राहायची. त्यामुळे ‘अमक्याचा मुलगा, अमकीच्या पोटी, अमुक तारखेला’ अशी सरळ ओळ सापडण्याची शक्यता बरीच. या राज्यातल्या अनेक गावांच्या १८५०पर्यंतच्या नोंदी छापून आलेल्या आहेत आणि कनेटिकटच्या नोंदी बार्बर संग्रहात एकत्र मिळतात. घराणं न्यू इंग्लंडचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांतलं असेल तर इथून सुरुवात करा, फार डोकं खाजवू नका. एवढंच लक्षात ठेवा की १७५२च्या आधी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एका भावाचा जन्म एप्रिल १७२० आणि दुसऱ्याचा फेब्रुवारी १७२० दिसला तर नोंद चुकलेली नाही, फेब्रुवारीवाला दहा महिन्यांनी धाकटा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा दुहेरी वर्षाने लिहिलाय. आज आपण तोच दिवस २२ फेब्रुवारी १७३२ मानतो.

व्हर्जिनियात हे सुख नाही. तिथे नोंदी ठेवायचं काम चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशांकडे, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांकडे होतं. पॅरिश अवाढव्य, वस्ती विखुरलेली, आणि मिडलसेक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) क्राइस्ट चर्चसारख्या मोजक्याच ठिकाणच्या नोंदवह्या टिकल्या. राज्याने जन्म-मृत्यूची नोंद सुरू केली ती थेट १८५३ साली. त्यात आगी लागल्या. ग्लूस्टर काउंटीचं दफ्तर १८२०मध्ये जळालं. त्यानंतर जे साठलं ते यादवी युद्धात सुरक्षित राहावं म्हणून रिचमंडला नेलं आणि एप्रिल १८६५मध्ये रिचमंडच पेटलं. अशा काउंट्यांना तिकडचे संशोधक ‘बर्न्ड काउंटीज’ म्हणतात. तुमचं घराणं त्यातलं निघालं तर जन्मनोंद शोधण्यात महिने घालवू नका, ती बहुधा नाहीच.

म्हणून व्हर्जिनियासाठी आणि एकूणच दक्षिणेसाठी मी जमीन, कर आणि वारशाच्या कागदांना पहिला नंबर देते. हे कागद नातं सांगायला लिहिलेले नाहीत, पण सांगून जातात. आपल्याकडे आजोबांचा जन्मदाखला मिळत नाही आणि फेरफारावर मात्र सगळे वारस नावानिशी सापडतात, तसाच हा प्रकार. समजा, एक जॉन १७४०च्या सुमारास दोनशे एकर विकतो. ही जमीन त्याने कधी घेतली याचं खत नाही, सरकारी पट्टा नाही, त्याला काही दिलं असं कुणाचं मृत्युपत्र नाही. मग आली कुठून? वसाहतकालीन व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जायची, त्याला कागद लागायचाच नाही. म्हणजे त्याच ओढ्याकाठचे तेच दोनशे एकर ज्याने आधी घेतले होते, तो बहुधा जॉनचा बाप. मॅसॅच्युसेट्समध्ये हा तर्क असाच्या असा चालणार नाही, कारण तिथे सगळ्या मुलांना वाटा मिळायचा आणि थोरल्याला दुप्पट.

त्याच विक्रीखताखाली बायकोचं नाव सापडू शकतं. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा तहहयात एक तृतीयांश हक्क असायचा, म्हणून विकताना तिची संमती लागायची आणि कोर्ट तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं. माहेरचं आडनाव क्वचितच मिळतं, पण पहिलं नाव मिळालं तरी एकाच काउंटीतले एकाच नावाचे दोन जण वेगळे काढता येतात. कराच्या याद्यांमधून वय निघतं. मुलगा सोळाचा झाला की करपात्र, त्यामुळे बापाच्या घरात त्याचं नाव पहिल्यांदा ज्या वर्षी उगवतं त्यातून सोळा वजा केले की जन्मवर्ष हाताशी येतं. १७८२पासूनच्या करयाद्यांची एक प्रत राज्याकडे जायची, म्हणून जळालेल्या काउंट्यांच्याही बऱ्याच याद्या वाचल्या. जमिनीचे मूळ पट्टे राजधानीत होते, तेही शाबूत आहेत आणि लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मात्र माणशी पन्नास एकर मिळवण्यासाठी दिलेल्या ‘हेडराइट’ यादीत पूर्वजाचं नाव दिसलं म्हणून तो त्याच वर्षी बोटीतून उतरला असं समजू नका. हे हक्क विकले जायचे आणि वर्षानुवर्षं पडूनही राहायचे.

ज्या घराण्याचे पूर्वज गुलाम होते, त्यांच्यासाठी तर हीच वाट आहे. जनगणनेत त्यांची नावं सरसकट १८७०लाच येतात. त्याआधीची नावं मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत, गुराढोरांच्या आणि भांड्यांच्या शेजारी, किमतीसकट लिहिलेली असतात. वाचायला जड जातं, पण आई आणि मूल एकत्र लिहिलेलं अशाच यादीत सापडतं.

या वाटेचा तोटा म्हणजे वेळ. जुनं वळणदार अक्षर, चुकीच्या अनुक्रमणिका, एका नावाची पाच स्पेलिंगं. २०२४पासून फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळाने हस्तलिखित दस्तांत थेट शब्द शोधायची सोय दिल्यावर हे काम खूप हलकं झालं. पूर्वी अनुक्रमणिकेत फक्त खरेदीदार आणि विक्रेता सापडायचे, आता साक्षीदार आणि शेजारीही सापडतात. खातं फुकट आहे. काही दस्तांच्या प्रतिमा मात्र त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच उघडतात.

तयार वंशावळींबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे कुलवृत्तांतांचं पेवच फुटलं होतं, आणि श्रीमंतांना हवा तो पूर्वज जोडून देणारे गुस्ताव्ह आंजूसारखे भामटेही निपजले. ऑनलाइन झाडांमध्ये तीच चूक हजार वेळा नकललेली असते, म्हणून हजार झाडांचं एकमत हा पुरावा नव्हे. डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेकडचे सभासदत्वाचे जुने अर्जसुद्धा दिशा म्हणून वापरा, सिद्धता म्हणून नको. अपवाद मेफ्लॉवरच्या, म्हणजे इंग्लंडहून सुरुवातीचे वसाहतकरी घेऊन आलेल्या जहाजाच्या प्रवाशांचा. त्यांच्या पहिल्या पाच पिढ्यांवर मेफ्लॉवर सोसायटीने नीट काम करून ठेवलंय. तिथवर पोचलात की बराचसा शोध आयता मिळतो.

आता डीएनए. जाहिरातीतली नेहमीची चाचणी ऑटोसोमल, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची असते. तिच्यात प्रत्येक पिढीला वाटा निम्मा होतो. १७००च्या सुमारास जन्मलेला पूर्वज आजच्या तरुणापासून नऊ-दहा पिढ्या लांब. त्या पातळीवर पूर्वजांच्या जागाच पाचशे ते हजार होतात आणि त्यातल्या कित्येकांचा एकही तुकडा आपल्यात उतरलेला नसतो. चार-पाच पिढ्यांपर्यंत ही चाचणी छान, त्यामागे तिच्यावर विसंबू नका. बाप-मुलगा-नातू असं अखंड चालणारं वाय गुणसूत्र मात्र शतकं ओलांडतं. एकाच आडनावाची दोन घराणी एक की वेगळी, हे त्यावरून चांगलं ठरतं. पण नमुना कुणाचा घ्यायचा? बाप मराठी आणि आई अमेरिकन असेल तर मुलाचं वाय गुणसूत्र आपल्याकडचं. आजोळच्या आडनावासाठी मुलाच्या मामाचा किंवा आईच्या वडिलांचा नमुना हवा. घाईत मुलाचीच चाचणी करून बसाल तर पैसे गेले.

वाय चाचणीची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच प्रकरणात दिसतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने गुलाम ठेवलेल्या सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप कोण, यावर पावणेदोनशे वर्षांहून जास्त वाद चालला. जेफरसनच्या औरस मुलांपैकी एकही मुलगा जगला नाही, म्हणून १९९८ साली त्याचा काका फील्ड जेफरसन याच्या पुरुषवंशजांशी सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाचं वाय गुणसूत्र ताडून पाहिलं. ते जुळलं, आणि भाचे कार यांच्याकडे बोट दाखवणारी घरची कहाणी एस्टनपुरती बाद झाली. पण एवढ्यावरून बाप जेफरसन घराण्यातला पुरुष आहे इतकंच ठरतं. भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगेही त्याच गुणसूत्राचे. प्रत्येक गर्भधारणेच्या काळात थॉमस माँटिसेलो या आपल्या घरी होता, हे कागदांनी सांगितलं आणि बहुतेक इतिहासकारांचा कौल त्या बाजूने गेला. डीएनएने नाव सांगितलं नाही, नावांची यादी छोटी केली.

मग निवड कशी करायची? न्यू इंग्लंड असेल तर गावदफ्तर आणि मृत्युपत्रं, बाकी गरज पडली तर. व्हर्जिनिया, कॅरोलिना असेल तर सरळ दस्त आणि करयाद्या. पैसे खर्चायचेच असतील तर सरसकट ‘वंशावळ काढून द्या’ असं काम देऊ नका. एक काउंटी, एक माणूस, एक प्रश्न ठरवून तिथल्या जाणकार संशोधकाकडे द्या. आणि कागदांतून दोन संभाव्य बाप उरले, की मग वाय चाचणी.

हा क्रम फक्त एकाच परिस्थितीत उलटा करा. त्या आडनावाचा सरळ पुरुषवंशातला एकच वृद्ध काका किंवा आजोबा हयात असेल तर त्यांच्या परवानगीने नमुना आत्ताच घेऊन ठेवा. आज साधी वाय चाचणी केली तरी चालेल. नमुना साठवून ठेवणारी कंपनी निवडलीत तर त्याच नमुन्यावर पुढे मोठी चाचणी करता येते.