६५ सेंमीचा जिम बॉल : कंबरेला आराम, बाळ फिरवायला नाही

गरोदरपणात बसायला हा बॉल घेताना उंची साधारण पाच फूट तीन इंचांपर्यंत असेल तर ६५ऐवजी ५५ सेंमीचाच घ्या. बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा किंचित खाली हवेत. वर येत असतील तर हवा कमी आहे. 'अँटी-बर्स्ट' (भोक पडलं तरी एकदम न फुटणारा) लिहिलेलाच घ्यावा, गुळगुळीत फरशीवर खाली योगा मॅट हवीच. सोबतचा पायपंप किरकोळ, दम काढतो.

कंबरदुखीला छान आराम पडतो. पण आई यावर बसली की पोटातलं पायाळू (डोकं वर असलेलं) बाळ फिरतं, ही जाहिरातबाजी. ३६ आठवड्यांनंतरही डोकं वरच असेल तर सोनोग्राफी करून डॉक्टरांशी बाहेरून, पोटावर हाताने बाळ फिरवण्याबद्दल बोला. ते साधारण निम्म्या वेळा जमतं. मालीशवालीला पोट दाबू देऊ नका.